काळी खाच

१

दात वहीच्या कागदात गुंडाळून आला होता.

औषधाची पुडी उलगडावी तसा संघपालने तो कागद उलगडला आणि डॉ. मृणालीच्या टेबलावर ठेवला. वरचा, पुढचा, डावा. महिन्यापूर्वी तिनेच बसवलेली कॅप.

“घ्या मॅडम. तुमचा दात तुम्हालाच. फसवलंत तुम्ही मला.”

‘फसवलंत’मधला ‘स’ समोरच्या फटीतून शिट्टीसारखा निघाला. बाकावर बसलेला एक पेशंट फिसकन हसला. संघपालने झटकन तोंडावर हात धरला, आणि त्या हाताकडे पाहून मृणालीला आपल्यावरच्या आरोपापेक्षा जास्त वाईट वाटलं. अठ्ठावीस वर्षांचा धडधाकट माणूस, आणि तोंड झाकून उभा.

“आत ये. बस आधी,” ती म्हणाली. कडेवरच्या लेकीला, मैत्रीला, तिने मदतनीस कमलबाईंकडे दिलं. मैत्री आठ महिन्यांची. हिरड्या शिवशिवत होत्या म्हणून मिळेल ते चावत सुटली होती. जाता जाता तिने आईची ओढणी तोंडात धरली ती सुटता सुटेना.

संघपाल धुळ्याच्या एका बँडात क्लॅरिनेट वाजवायचा. दोन महिन्यांपूर्वी नरडाण्याला एका वरातीत नाचणाऱ्यांची झुंबड उडाली. मागून चालणारा पुना, बँडातला दुसरा क्लॅरिनेटवाला, अडखळून त्याच्या अंगावर पडला. क्लॅरिनेटचा माउथपीस, म्हणजे तोंडात धरायची ती काळी चोच, दातावर आदळली आणि अर्धा दात रस्त्यावर. नस उघडी पडली होती. मृणालीने रूट कॅनॉल केलं, मुळात बारीक काडी बसवली, तिच्यावर दाताचा खुंट उभा केला आणि खुंटावर कॅप चढवली. खिडकीतल्या सकाळच्या उजेडात शेजारच्या दाताशी रंग जुळवायला तिला तास लागला होता. क्लॅरिनेट वाजवताना सगळा भार ह्याच वरच्या दातांवर येतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“काय झालं नीट सांग.”

“काल जळगावला परीक्षा होती. मोठा बँड, पन्नास माणसं, तिथे पुढे उभं राहून वाजवायची जागा.” तो हाताआडून बोलत होता. “दोनच मिनिटं वाजवलं असेल. वरच्या सुराला गेलो आणि दात जिभेवर. क्लॅरिनेट असं किंचाळलं मॅडम, डुकरासारखं. बठ्ठा, सगळेच्या सगळे, हसायला लागले.”

“मग?”

“मालक रुपचंदशेठ तेवढे नाही हसले. म्हणाले, रविवारी अकराला ये. दात घेऊन ये, नाहीतर येऊ नको.”

आज गुरुवार. मृणालीने चिमट्याने कॅप उचलली. चीर नाही, कपचा नाही. आत पांढरट सिमेंट चिकटलेलं होतं. सवयीने तिने ती नाकाजवळ नेली, आणि तिचा हात तिथेच थांबला.

लवंग. तिखट, ओळखीचा लवंगेचा वास.

हे सिमेंट तिचं नव्हतं.

२

“कमलबाई, त्या दिवशी तुम्ही कोणतं सिमेंट कालवलंत?”

मैत्रीला खांद्यावर थोपटत असलेल्या कमलबाई थांबल्या. “पक्कं. तुम्ही पक्कं म्हणालात, मी पक्कं कालवलं. का?”

“ह्याला लवंगेचा वास आहे. हे कच्चं आहे. आठ-दहा दिवस तग धरणारं.”

“म्हणजे मी चुकले?” कमलबाईंचा आवाज चढला. “बारा वर्षं दवाखान्यात काढली मॅडम. पक्क्याला वास नसतो आणि कच्च्याला असतो, हे माझ्या नातीलाही माहिती आहे. लवंगतेलाची बाटली मी त्या दिवशी कपाटातून काढलीसुद्धा नव्हती!”

खरं तर मृणालीचा संशय स्वतःवरच होता. त्या दिवशी मैत्रीने रडून आकांत मांडला होता. संघपालची बायको सपना, अंगणवाडीत शिकवणारी, न सांगता उठली, मैत्रीला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावून झोळी हलवत राहिली, ती थेट काम संपेपर्यंत. दारामागून तिचं अंगाईचं गुणगुणणं येत होतं. इकडे खुर्चीत संघपाल, तोंडात कापूस आणि थुंकी ओढणारी घरघरती नळी. आणि स्टुलावर हिलालनाना.

नाना म्हणजे संघपालचे उस्ताद. नवव्या वर्षापासून शिकवलेलं. त्याला दवाखान्यात घेऊन आले तेही तेच. स्वतःचे सगळे दात गेलेले, सहा वर्षांपासून कवळी. कवळीवर क्लॅरिनेट वाजत नाही, म्हणून वाजवणं सुटलेलं. पण ह्या पोरासाठी त्यांनी किती म्हणून विचारलं होतं! दात किती ताण सोसेल, काय केलं तर टिकेल, काय केलं तर जाईल. मृणालीने कागदावर चित्र काढून समजावलं होतं: वरून कितीही दाब येऊ द्या नाना, काही होत नाही. पण आकड्यात अडकवून कोणी पुढे ओढलं, तर मात्र कॅप सुटेल. नानांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला होता. जाताना मैत्रीला मांडीवर घेऊन ओठांनीच पिपाणी वाजवून दाखवली होती. मैत्रीने त्यांचं बोट चावून चावून लाल केलं होतं आणि नाना म्हणाले होते, “चाव माय, माझ्या तोंडात दात नाही, पण कातडी जाड शे.”

एवढी माणसं विश्वासाने आली, आणि आपण मूल रडतं म्हणून घाईत...

तिने भिंग लावलं. दिवा जवळ ओढला. लवंगेच्या वासाचं सिमेंट सुईने अलगद खरवडलं. त्याच्याखाली, कॅपच्या भिंतीला घट्ट धरून बसलेला एक पातळ राखाडी थर दिसला. सुई त्यावरून घसरली. दगडासारखा टणक, वास नाही.

हे तिचं सिमेंट. खाली तिचं, वर दुसऱ्याचं.

“कमलबाई, माफ करा,” ती म्हणाली. कमलबाईंनी नाक उडवलं, पण मैत्रीच्या डोक्यावरून फिरणारा हात मऊ झाला.

मृणाली संघपालकडे वळली. कॅप आधी एकदा सुटली होती आणि कुणीतरी पुन्हा चिकटवली होती. आणि दात काही खिशातलं पाकीट नव्हे, मालकाला कळल्याशिवाय काढून परत ठेवायला.

“संघपाल, मी फसवलं म्हणालास ना? आता तू सांग. खोटं कोण बोलतंय?”

३

त्याने वहीच्या त्या रिकाम्या कागदाची घडी घातली.

“बारा दिवस झाले,” मग म्हणाला. “रियाज करताना सुटला. मी घाबरलो. नाना म्हणाले, त्या मॅडमला सांगू नको, तिचा जीव लहान आहे, तिला वाटेल माझं काम वाया गेलं. जळगावला माझ्या ओळखीचा डॉक्टर आहे, तो बसवेल. ते स्वतः घेऊन गेले.”

“कोण डॉक्टर?”

“डॉक्टर मनन. नानांची कवळी त्यांनीच केली.”

मृणालीने नंबर मिळवून फोन लावला. डॉ. मनन तरुण होता, बोलायला चटपटीत.

“हो, आठवतंय ना. क्लॅरिनेटवाले. मॅडम, काम तुमचं सुंदर होतं, सुटलं कसं ह्याचंच मला आश्चर्य वाटलं. मी मुद्दाम कच्चं लावलं. म्हटलं, ज्यांचं काम आहे त्यांनीच पक्कं करावं. आठ दिवसांत त्यांच्याकडे जा आणि तोवर वाजवायचं नाही, असं स्पष्ट सांगितलं होतं मी.”

“कुणाला सांगितलंत?”

“सोबतच्या आजोबांना. पेशंट तेव्हा बाहेर चूळ भरत होता. आजोबांनी दोनदा मान हलवली की.”

फोन ठेवल्यावर संघपाल म्हणाला, “नानांना डाव्या कानाने ऐकू येत नाही मॅडम. तीस वर्षं ढोलाशेजारी उभे राहिले. ऐकलंच नसेल.”

मृणालीलाही ते पटलं. पटवून घ्यावंसं वाटलं. तसंही ते फक्त दुसऱ्या वेळचं झालं. खरा प्रश्न पहिल्या वेळचा होता. पक्कं सिमेंट सुटलंच कसं?

“पहिल्यांदा सुटला तेव्हा रबर लावलं होतंस ना? सायकलच्या ट्यूबचा तुकडा, माउथपीसवर दात थेट टेकू नये म्हणून मी सांगितला होता तो?”

“आधी लावत होतो. मग...” तो घुटमळला. “नव्या माउथपीसवर नाही लावला.”

“नवा कुठला?”

“नवा म्हणजे जुनाच. नानांचा.” पहिल्यांदाच त्याच्या आवाजात थोडा अभिमान आला. “दात सुटला त्याच्या तीनच दिवस आधी नानांनी मला त्यांचा माउथपीस दिला. सगळ्या बँडासमोर, नारळ वाढवून. आमच्या परंपरेत हा शेवटचा मान. उस्तादाचा लागला की आपला जुना वाहत्या पाण्यात सोडायचा. मी माझा पांझरेत सोडला.”

“आणि रबर?”

“नाना म्हणाले, उस्तादाच्या तोंडाला लागलेलं आणि तू त्याला ट्यूबचं ठिगळ लावतोस?”

“क्लॅरिनेट आणलंस?”

ते गाडीच्या डिकीत होतं. मृणालीने कॅप तात्पुरती खुंटावर टेकवून बोटाने धरली आणि दातांखाली लाल कागद ठेवला. चावताना दात कुठे टेकतो ते बघायला डॉक्टर वापरतात तो, लालीसारखा रंग सोडणारा पातळ कागद.

“माउथपीस नेहमीसारखा धर. फुंकू नको. नुसता धर.”

त्याने धरला. तिने तो अलगद काढून दिव्याखाली नेला.

माउथपीसवर एक लाल ठिपका उठला होता. पण तो वरच्या सपाट अंगावर नव्हता. तो एका बारीक खाचेत होता, बरोब्बर तळाशी, जणू खाच त्या दाताचं माप घेऊनच केली होती.

४

शुक्रवारी दुपारी मैत्री झोपल्यावर मृणाली संघपालकडून ठेवून घेतलेला तो माउथपीस पुन्हा घेऊन खिडकीशी बसली.

कडक काळ्या रबराचा होता, पण आता काळा कुठे राहिला होता? चाळीस वर्षांच्या उन्हाने, थुंकीने त्याचा रंग विटून हिरवट-तपकिरी झालेला. वरच्या अंगावर नानांच्या दातांचे दोन उथळ खळगे होते. नाना दातवाले होते तेव्हाचे. तेही आतून हिरवट, गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखे.

खाच मात्र काळीकुळकुळीत होती. नव्या रबरासारखी.

तिने दातांचं माप घ्यायचा मऊ मसाला खाचेत दाबला, घट्ट होऊ दिला आणि उचलला. मसाल्यावर खाचेचा उलटा ठसा आला. एक बाजू सरळ. दुसरी बाजू आत वळलेली, आकड्यासारखी. दाताची कड आत सहज उतरावी, आणि क्लॅरिनेट पुढे उचललं की अडकून ओढली जावी. वादक वरच्या सुराला जाताना क्लॅरिनेट पुढे उचलतोच.

हे झिजून झालेलं नव्हतं. बारीक कानस घेऊन कुणीतरी निगुतीने कोरलं होतं.

संध्याकाळी पुना आला. कमलबाईंनी त्याला दाढ दाखवायच्या निमित्ताने बोलावलं होतं. खुर्चीत बसल्या बसल्या तो म्हणाला, “माझी दाढ चांगली आहे मॅडम. तुम्हाला संघ्याबद्दल विचारायचंय, हे बठ्ठा धुळ्याला माहिती आहे.”

“मग सांग.”

“काय सांगू? तो गेला जळगावला तर इथली पुढची जागा माझी. मग मी कशाला त्याचा पाय ओढू? मी तर बुद्धविहारात जाऊन म्हणतो, जा बाबा संघपाल, सुखाने जा!” तो मोठ्याने हसला. “नरडाण्याला पडलो ते चप्पल तुटली म्हणून. बाकी बँडात उगाच बोलतात.”

“त्याचा माउथपीस कधी हातात घेतलास?”

“खोलीत सगळ्यांचं सगळं पडलेलं असतं. घेतला असेल. पण मॅडम, दात काढायचा कसा? तो तर...” त्याने स्वतःच्या उजव्या दातावर बोट ठेवलं. “हा ना खोटा?”

“उजवा?”

“मग डावा का? बघा, मला तर रंगावरून कळलंच नाही. तुम्ही बेमालूम केलंय.”

खुर्चीतून उतरताना तो एकदम गंभीर झाला. “माझ्याकडे जादा माउथपीस आहे. त्याला लागला तर ने म्हणावं. तो मागणार नाही.”

सपना अंगणवाडीतून परस्पर आली. मैत्रीला झोळीतून उचलताना ती म्हणाली, “तुम्हाला वाटतंय ना मी केलं? मला जळगावला जायचं नाही, हे मी बँडातल्या सगळ्या बायांना सांगून चुकलेय. माझी अंगणवाडी इथे, आई इथे.”

“केलंस का?”

“मी भांडते मॅडम. मला काय करायचं ते भांडून करते. लपून नाही.” मैत्रीने तिच्या गळ्यातली पोत तोंडात घातली. सपनाने ती सोडवली नाही. “नऊ वर्षांचा होता तेव्हा नानांनी ह्याला बोटाला धरून नेलं. बाप नव्हता ह्याला. घरात मूर्तीसमोर ठेवतो तो तो माउथपीस. रोज पुसतो. मी हात लावला तरी ओरडतो.”

“खाच आधीपासून होती?”

“पहिल्या दिवशी मीच बघून विचारलं. हे काय टोचतंय? तो म्हणाला, उस्तादाच्या दाताची खूण आहे. त्यावर त्याने डोकं टेकवलं.”

मृणालीने माउथपीस पुन्हा उजेडात धरला. उस्तादाच्या दाताच्या खुणा दोन होत्या, आणि त्या हिरव्या होत्या.

५

“नाना?” संघपाल उभाच राहिला. “तुम्ही नानांचं नाव घेता? मॅडम, तुमचं काम खराब झालं म्हणून काहीही?”

शनिवार सकाळ. दवाखाना उघडायला अजून अर्धा तास होता.

“बस. मीही रात्रभर दुसरं नाव शोधलं,” मृणाली म्हणाली. “ज्याने हे केलं त्याला कोणता दात खोटा हे माहीत हवं. पुनाला माहीत नाही. सपनाला आहे, पण माउथपीस तिच्या हातात पडायच्या आधीच खाच होती, आणि ती तिने स्वतः तुला दाखवली. लपवायचं असतं तर दाखवली असती?”

“नानांच्या घरी कोणीही येतं जातं.”

“येऊ दे. पण अजून एक गोष्ट माहीत हवी. दाबाने दात जात नाही, ओढीने जातो. हे माहीत नसलेल्याने ठोसा मारला असता. इथे आकडा कोरलाय. ही गोष्ट मी आयुष्यात एकदाच बोलले, ह्या खोलीत. तुझ्या तोंडात नळी घरघरत होती. सपना आत दार लावून मैत्रीला जोजवत होती.”

“मी होते की इथे!” कमलबाई म्हणाल्या.

“तुम्ही क्लॅरिनेट कधी हातात धरलंय?”

“लाटणं सोडून काहीच नाही.”

“मग उरलं कोण? कागदावर चित्र काढून मी कुणाला समजावलं? जळगावच्या डॉक्टरने वाजवायचं नाही म्हणून कुणाला सांगितलं? रबर कुणी काढायला लावलं? मला सांगू नको म्हणून तुला कुणी शिकवलं?”

संघपालने फोन काढला. “नाना, दवाखान्यात या,” एवढंच म्हणाला. पहिल्यांदाच त्याने नमस्कार न करता फोन ठेवला.

नाना वीस मिनिटांत आले. पांढरी टोपी, धुतलेला सदरा. आत येताच हात पुढे केले, “कुठे शे मन्ही माय?” मैत्री कमलबाईंच्या कडेवरून त्यांच्याकडे झेपावली. कमलबाई दोन पावलं मागे सरल्या. नानांचे हात तसेच राहिले.

मृणालीने टेबलावर तीन गोष्टी ठेवल्या. कॅप. माउथपीस. आणि मसाल्याचा तो ठसा, त्याच्या बारक्याशा आकड्यासह.

नानांनी ठसा उचलला. फिरवून पाहिला. कारागिराने आपलं काम ओळखावं तसं ओळखलं.

“नाही म्हणा नाना,” संघपाल म्हणाला. “नुसतं नाही म्हणा. मी ऐकतो तुमचं.”

नाना स्टुलावर बसले. त्याच स्टुलावर. खिशातून रुमाल काढला, तोंडातून कवळी काढली आणि रुमालावर ठेवली. गाल एकदम आत गेले. दुसराच म्हातारा समोर आला.

“हे बघ पोरा. हे आसं शे.” शब्द ओले, फुसफुसत येत होते. “मन्हा दात हलाले लागले व्हतात. मुळं चांगली व्हती. पण तवा कोणी सांगं नही, मूळ ठेवा. बठ्ठा उपटी टाकात. एका दुपारमा. मी घर उनू, क्लॅरिनेट तोंडमा धरं आणि नुसती हवा.”

मृणालीची नजर रुमालावरच्या कवळीवर गेली.

“तुझा दात तुटना तवा मीच तुले इथं आणं. मनातून माले वाटे, आता याचंही संपणं. देवाशपथ, वाईटही वाटे आणि...” ते थांबले. “आणि ही पोर म्हणे, मूळ शाबूत शे, दात उभा राही. मेलेला दात! त्याले उभा करना. मन्हा जित्ता दातेसले कोणी विचारं नही.”

“म्हणून मला पाडलंत?”

“तू जळगावले पुढे उभा राहून मन्हीच चीज वाजाडणार व्हता. लोक म्हणतीन, हिलालपेक्षा भारी. ते खरंच शे. ते माले ऐकवस नही.”

“मागितलं असतं तर मी गेलो नसतो नाना.” संघपाल म्हणाला. समोरच्या फटीतून प्रत्येक ‘स’ शिट्टी मारत होता, पण आता त्याने हात धरला नाही. “तुम्ही नुसतं म्हणाला असता, जाऊ नको. मी त्या खाचेवर डोकं टेकवत होतो हो!”

नानांनी कवळी उचलली. बसवून पाहिली, ती नीट बसेना. नेहमी अशा वेळी संघपाल पुढे होऊन मदत करायचा. तो जागचा हलला नाही. नाना कवळी हातातच घेऊन बाहेर पडले.

६

लवंगतेलाचा अंश राहिला तर पक्कं सिमेंट धरत नाही. मृणालीने खुंट आणि कॅप तीन-तीनदा घासली, स्पिरिटने पुसली, वाळवली, पुन्हा पुसली. कमलबाईंनी सिमेंट कालवलं आणि पाटी तिच्या नाकाखाली धरली. “वास घ्या. मग म्हणू नका.”

वास नव्हता.

दात बसला. खिडकीच्या उजेडात तिने पाहिलं, कुठला खरा आणि कुठला आपला, ते तिलाही क्षणभर कळलं नाही.

“उद्या अकरापर्यंत पक्का होईल. पुनाचा माउथपीस आणायला सांगू?”

संघपालने टेबलावरचा नानांचा माउथपीस उचलला. मृणालीला वाटलं, आता हाही पांझरेत जाणार.

“ही खाच तुम्हाला भरता येईल?”

“येईल. दात भरतो त्याच मसाल्याने. काळा रंग मिळतो का बघते.”

“काळा नको,” तो म्हणाला. “दाताच्याच रंगाने भरा. मला दिसू दे.”

तिने भरलं. दिव्याने घट्ट केलं, घासून गुळगुळीत केलं, वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला. हिरवट माउथपीसवर, रबराच्या कडेशी, पांढरा ठिपका उरला.

रविवारी साडेअकराला सपनाचा फोन आला. मृणाली मैत्रीला भरवत होती. पलीकडे कुणी बोललं नाही, नुसतं क्लॅरिनेट ऐकू आलं. सूर वर गेला, अजून वर गेला, आणि तिथे टिकला. मैत्री तोंडातला घास तसाच ठेवून ऐकत राहिली.

मग संघपाल फोनवर आला. “जागा मिळाली मॅडम. सूर सुटला नाही.” त्याचा ‘स’ जागेवर होता, शिट्टी नव्हती. “एक काम करा. नानांना तुम्हीच सांगा. माझ्या तोंडून नको.”

सोमवारी नाना आपण होऊन आले. बाहेरच्या बाकावर, सगळ्यात शेवटी बसले. शेवटचा पेशंट गेला तेव्हा मृणाली मैत्रीला घेऊन दारात आली.

“वाजवलं का त्यानं?”

“वाजवलं. मिळाली जागा.”

नानांनी मान हलवली. मग विचारलं, “कोणत्या माउथपीसवर? पुनाच्या?”

“तुमच्याच.”

नानांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला एक कागद काढला, तिने काढलेलं दाताचं चित्र, आणि तो बाकावर ठेवून दिला.

मैत्रीने त्यांना ओळखलं. खदखदून हसली. खालच्या हिरडीतून कालच एक पांढरा कण वर आला होता. दोन्ही हात पसरून तिने त्यांच्याकडे झेप घेतली, बोट मागत, नेहमीसारखी.

मृणालीने तिला छातीशी घट्ट धरलं, आणि दिलं नाही.